मानहोच्या आईचं हसू

मानहोची आई लंगडते, म्हणून तिची घंटाही लंगडते. पहाटे सोरीपो बंदरावर धुकं चढतं, समोरचं घरसुद्धा दिसेनासं होतं, आणि त्या धुक्यातून ती घंटा येते. एक टोला लांब, दोन जवळजवळ, मग पुन्हा एक लांब. टोफूची ढकलगाडी आणि तिच्या दांड्याला बांधलेली पितळी घंटा. मी तेव्हा अंथरुणात असते. खालून तापवलेली फरशी उबदार असते, डोळे मिटलेले असतात, आणि क्षणभर मला वाटतं की आपण नवी नवरी आहोत, आपला नवरा होडी घेऊन गेलाय आणि आता येईलच. मग गुडघा ठणकतो आणि मी उठते.

मी मालजा. बाजारात सुकवलेलं समुद्री शेवाळ विकते. मानहोच्या आईची जागा माझ्या शेजारीच. तिचं नाव जॉमसून, पण मुलगा झाल्यापासून ते कुणी घेतलेलं नाही. लहानपणी बापाच्या होडीचा नांगर पायावर पडला, तेव्हापासून ती अशी चालते. नवरा समुद्राने लवकर नेला. घरी पोराला सांभाळायला कुणी नाही, म्हणून आधी तो पाठीवर असायचा आणि मग गाडीच्या मागे चालायचा. आईच्या घंटेशी पाऊल जुळावं म्हणून तोही लंगडायचा. पुढे एक लंगडी, मागे एक छोटा लंगडा. अख्खी गल्ली दारात येऊन हसायची आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः हसायची.

शाळेत जायला लागलं आणि पोर मागे चालेनासं झालं. एके दिवशी घंटा शाळेच्या गल्लीत शिरलीच नाही, वरच्या चढावरून फिरून गेली. तो चढ दुखऱ्या पायाला सोपा नव्हे. मी विचारलं तर म्हणाली, वरून समुद्र छान दिसतो. धुक्यात कसला समुद्र दिसतोय? तेव्हापासून रोज ती वरूनच जाते.

पुढे मानहो मोठा गायक झाला. त्याच्या गाण्यात एक अडखळता ठेका असतो, ऐकणाऱ्याचा पाय नकळत हलतो. आमच्या शेवाळाच्या पाकिटावर त्याचा चेहरा आला. बसथांब्यावर त्याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा उभा राहिला, हातात आमचंच शेवाळ.

एका संध्याकाळी गाण्यांचा बक्षीससमारंभ होता, मानहोही तिथे होता. गावाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही सगळ्या म्हाताऱ्या उकडलेली रताळी घेऊन टीव्हीपुढे बसलो होतो. मधे एक विनोदी नट आला, दोंगपाल नावाचा. डोक्याला रुमाल, पुढे ढकलगाडी, हातात घंटा, आणि चाल लंगडी. म्हणाला, "लोक विचारतात, मानहोचा ठेका आला कुठून. सोरीपोला जा, टोफूवालीच्या मागे चाला. फुकटात शिकाल."

आमच्या तोंडातली रताळी तोंडातच राहिली. सगळ्यांनी मानहोच्या आईकडे पाहिलं. ती हसत होती. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, खांदे हलताहेत. म्हणाली, "अगं, अगदी तश्शीच चालते की मी. मेल्याने कुठे पाहिलं मला?"

आणि तेवढ्यात पडद्यावर मानहो उठला, पायऱ्या चढून गेला आणि त्याने दोंगपालच्या तोंडावर ठोसा मारला. नट घंटेसकट खाली पडला. त्याचा जबडा मोडल्याचं नंतर कळलं. चूल विझवल्यावरही भांडं थोडा वेळ उकळत राहतं, तसं तिचं हसू बराच वेळ चेहऱ्यावर होतं. मग ते निवलं.

दुसऱ्या दिवसापासून देशभर दुसरा विषय नव्हता. आमच्या बंदरावरचे कोळी म्हणाले, आईचा अपमान गिळणारा मुलगा काय कामाचा. शाळेच्या मास्तरांनी नाक मुरडलं. एवढ्या मोठ्या माणसाने हात उचलला तर पोरांना काय शिकवायचं, असं त्यांचं म्हणणं. शेवयांच्या दुकानातली मुलगी याच्यावरून ठरलेल्या नवऱ्याशी बोलेनाशी झाली. पुठ्ठ्याचा मानहो एका रात्रीत बसथांब्यावरून बर्फाच्या कारखान्यामागे गेला, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या बाजूच्यांनी त्याला परत आणला, विरुद्ध बाजूच्यांनी परत नेला. शेवटी ओलाव्याने त्याच्या नाकाचा पुठ्ठा सुटला.

मग बसमधून बायका आल्या. सगळ्यांच्या अंगात जांभळी जाकिटं, मानहोच्या चाहत्या. त्या तिच्या गळ्यात पडून रडल्या. एकीने तर तिचा तो पाय हातात घेतला आणि कुरवाळला. मानहोची आई टोफू कापायची सुरी हातात धरून अवघडून उभी. सगळा टोफू त्यांनी विकत घेतला आणि जाताना निम्मा बाकड्यावरच विसरल्या. मला विचाराल तर मी मानहोच्या बाजूची. माझ्या आईची कुणी अशी नक्कल केली असती, तर मी त्याचे दात त्याच्या घशात घातले असते. आजही हेच म्हणेन.

मानहोवर खटला उभा राहायची वेळ आली, तेव्हा त्याच्या गाण्याच्या कंपनीचा माणूस राजधानीतून, सोलहून आला. मऊ बोलणारा, जोडे चकचकीत. म्हणाला, आईने कॅमेऱ्यापुढे दोन शब्द बोलावेत, मनाला फार लागलं म्हणावं, थोडं रडू आलं तर उत्तमच. लोकांचं मन वळलं की दोंगपालही तडजोडीला तयार होईल. नाही तर पोराचं गाणं संपलं म्हणून समजा. कॅमेरा परवा आणतो म्हणाला.

सगळा बाजार तिला शिकवायला लागला. मी म्हटलं, "नवऱ्याची आठवण काढ. आपोआप रडू येईल."

"नवऱ्यासाठी रडेन की, ताई," ती म्हणाली. "पण ते दोंगपालच्या नावावर कसं खपवू?"

त्या संध्याकाळी मानहोचाच फोन आला. तिचे हात सोयाबीनच्या पाण्यात, म्हणून मी फोन मोठ्याने बोलता केला आणि तिच्यापुढे धरला. खोलीत वाफ दाटलेली, त्या वाफेतून पोराचा आवाज यायला लागला, बसलेला, ओळखू न येणारा.

"आई, तुला लागलं ना गं? तेवढंच सांग लोकांना."

ती हात निथळत उभी राहिली. "मला हसू आलं रे," ती म्हणाली. "लहानपणी तू असाच चालायचास माझ्या मागे. मला वाटलं, इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा तसं चालतंय."

ती फोनच्या आणखी जवळ आली.

"लागलं ते तुला, बाळा. शाळेच्या गल्लीपासून लागलंय. मला माहीत आहे."

फोन बंद झाला. ती परत पाण्यात हात घालून सोयाबीन चोळायला लागली, आणि मला एवढं भरून आलं की मी रताळ्यांचं काहीतरी निमित्त काढून घरी आले.

कॅमेऱ्यापुढेही तिने तेच सांगितलं. मला हसू आलं होतं, म्हणाली. मग विचारलं, "त्या पोराला आता चावता येत नसेल ना? मऊ टोफू पाठवू का?" कंपनीच्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने ते दाखवलं नसतं, पण गर्दीतल्या कुणीतरी मोबाइलवर टिपलेलं देशभर पसरलं. झालं. कसली ही आई, पोटच्या पोराला बुडवलं, असं सगळे म्हणायला लागले. जांभळी जाकिटं फिरकेनाशी झाली. कोळ्यांनी टोफू घेणं सोडलं. मीही तिच्याशी बोलत नव्हते. दोघींची बाकडी चिकटून, तेव्हा न बोलण्यालाही कष्ट पडतात. ती मात्र रोज घंटा वाजवत चढावरून जायची आणि निम्मा माल तसाच परत आणायची.

मग एक सकाळ अशी आली की घंटा वाजलीच नाही. मी अंथरुणात वाट पाहत पडले. धुकं खिडकीला टेकलेलं. म्हातारी आजारी पडली की काय, या विचाराने मी जोडे घालून बाहेर आले. उन्हं धुक्यात मुरत होती, पोरं दप्तरं घेऊन शाळेला निघाली होती, आणि तेव्हा कुठे घंटा ऐकू आली. एक लांब, दोन जवळजवळ.

धुक्यातून आधी गाडी आली, मग ती. आणि तिच्यामागे, टोपी डोळ्यांवर ओढलेला, दाढी वाढलेला मानहो. गाडीवर एक डबा वेगळा बांधलेला होता.

मी माझं मौन विसरले. "हा कुणाचा?"

"दोंगपालचा," ती म्हणाली. "दुपारच्या बसने घेऊन जाईल हा. स्वतःच्या हाताने देणार म्हणतोय."

"आणि एवढा उशीर?"

तिने मागे पाहिलं. मानहो खाली पाहत म्हणाला, "पोरं शाळेत जायच्या वेळेला निघू, असं मीच म्हटलं, मावशी."

चढाच्या तोंडाशी ती सवयीने वर वळायला लागली. मानहोने पुढे येऊन गाडीचा दांडा धरला आणि हळूच शाळेच्या गल्लीकडे वळवला. मग पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. घंटा वाजली. तिचं पाऊल पडलं आणि त्याचंही पडलं, तसंच, एक लांब, दोन जवळजवळ.

धुक्याने दोघांना गिळलं. मी कोपऱ्यावर थांबून कान देऊन होते. गल्लीत पोरं हसली, आधी एक, मग सगळी. घंटा थांबली नाही. आणि पोरांच्या त्या हसण्यात मला तिचं हसू ऐकू आलं, आणि मागून आणखी एक, बसलेल्या आवाजातलं.