तोंडात पाणी, समोर लाईन

गणपतीत आमच्या लालबागला अख्खं जग येतं आणि आम्हालाच आमच्या गल्लीत शिरायला पास लागतो! जिन्यावर अनोळखी माणसं वडापाव खात बसलेली असतात. कोणी दार वाजवून विचारतं, "मोबाईल चार्ज करू का?" आई चिडचिड करते आणि वर त्यांना पाणीही देते. मला मात्र हे सगळं जाम आवडतं, खरं सांगते.

पण गेल्या वर्षीची गौर! वहिनीचं लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, म्हणून गौर तीच आणणार होती. आमची कोकणातली पद्धत अशी की विहिरीवर तेरड्याच्या रोपांची पूजा करायची, तोंडात पाणी धरायचं आणि गौर घेऊन थेट घरी यायचं. एक शब्द नाही, मागे बघणं नाही. मी पुढे थाळी वाजवणार. आईने निघतानाच वहिनीला बजावलं, "पाणी सांडलं ना, तर परत विहिरीपासून हां!"

विहीर गल्लीच्या टोकाच्या देवळात. जाताना रस्ता मोकळा होता. येताना बघतो तर दर्शनाची लाईन आमच्याच गल्लीतून वळवलेली! दोऱ्या काय, माणसाला माणूस चिकटलेला काय. मी जोरात थाळी बडवली, पण त्या ढोलांपुढे थाळी कोण ऐकतंय?

तेवढ्यात एका काकांनी वहिनीलाच गाठलं. "ताई, बाहेर जायचा रस्ता कुठून?"

आमची वहिनी कोणालाही मदत करायला एका पायावर तयार. गाल फुगवून, डोळे मोठे करून ती डावीकडे खुणा करतेय आणि काका आपले उजवीकडे बघतायत. मग दोन मुलींनी मोबाईल काढला. "दीदी, इधर देखो ना!" वहिनीला हसू यायला लागलं.

"हसू नकोस गं! परत विहिरीपासून!" मी ओरडले.

दोरीपाशी कार्यकर्ता उभा. मला ओळखत होता, वहिनीला नाही. "कुठे राहता, ताई?"

"अरे, आमची वहिनी आहे ती!"

"तू थांब गं, त्यांना सांगू दे."

"तिला बोलता येत नाही!"

त्याचा चेहराच पडला. "अरेरे. जन्मापासून?"

झालं! वहिनीचे खांदे हलायला लागले, ओठाच्या कोपऱ्यात एक थेंब आला. गेलं सगळं, असं वाटलं मला. तेवढ्यात लाईनीतून एक नऊवारीतल्या मावशी ओरडल्या, "आरं, गौर हाय ती! वाट सोडा की!"

आणि लाईन हलली! माणसं भिंतींना चिकटली. "गौर आली, गौर आली" पुढे पुढे जात राहिलं, मराठी न येणारेही ओरडत होते. जिन्यावरचे वडापाववाले उठून उभे राहिले. आमच्या चाळीपर्यंत सरळ वाट! मी थाळी अशी बडवली की हात दुखला.

दारात आईने वहिनीच्या पायांवर पाणी घातलं. गौर पाटावर बसली. वहिनीने मोरीत चूळ टाकली आणि आम्ही सगळे बघत राहिलो, आता ही पहिलं काय बोलते.

ती तडक गॅलरीत पळाली आणि कठड्यावरून वाकली. "ओ काका! डावीकडून, डावीकडून!"

काका अजून तिथेच उभे होते.