मध्यंतरापर्यंतचं गाणं

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं एका साप्ताहिकात सिनेमा, गाणी, नटनट्यांच्या मुलाखती असली पानं लिहिली. लोक अंक शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे ते ह्यांच्यामुळे, हे मी सांगते. ते स्वतः कधी बोलले नाहीत. घरातलं कपाट मात्र कात्रणांनी गिळलं आणि माझे कपडे ट्रंकेत गेले.

शनिवारी रात्री आठला ह्यांचं पान छपाईला जायचं आणि कार्यक्रम संपायचे नऊला. मग काय, मध्यंतराला उठायचं, ऑफिस गाठायचं आणि अख्ख्या कार्यक्रमावर ठोकून द्यायचं. सगळेच तसं करायचे, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

मग नणंदेच्या मुलीचा गाण्याचा पहिला कार्यक्रम आला. बावीस वर्षांची पोर, मामावर भारी जीव. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत बसलो होतो. पहिला भाग पडलाच, खोटं कशाला बोलू? घाबरून नुसती चाचपडत होती. हे मध्यंतराला उठले, मी बसून राहिले. नंतर पोर अशी गायली, की शेजारचा अनोळखी म्हातारा डोळे पुसायला लागला.

अंकात आलं, 'शेवटपर्यंत आवाज उघडलाच नाही.' भाचीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून जरा जास्तच कडक लिहिलं होतं. त्या रात्री मी घरी येऊन सांगितलं तोवर पान गेलं होतं. दुरुस्ती छापायची तर अर्ध्यातून उठल्याचं वाचकांपुढे कबूल करावं लागणार, मग नोकरीचं काय? आणि मी पोरीला 'छान गायलीस' म्हटलं असतं, तर मामाने असं का लिहिलं, हा प्रश्न आलाच असता. म्हणून मीही मूग गिळून बसले. तिने गाणं सोडलं आणि एका दवाखान्यात नावं नोंदवायला बसली.

निवृत्त झाल्यावर ह्यांना ते आतून खायला लागलं. परवा तिला घरी बोलावलं. सत्तरी ओलांडलेला माणूस भाचीपुढे मान खाली घालून सगळं बोलला.

"मामा, स्टेजवरून तिसरी रांग दिसते रे," ती म्हणाली. "मध्यंतरानंतर तुझी खुर्ची रिकामी होती. तू पुढचं ऐकलंच नव्हतंस, म्हणून तुझं लिहिणं मी मनावर घेतलं नाही."

ह्यांना केवढं हायसं वाटलं. मला राहवलं नाही. मग गाणं का सोडलंस गं, म्हणून विचारलं.

"मामी, तू ऐकलं होतंस ना? मी कितीतरी दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू काहीच बोलली नाहीस."