आसरांची ओटी

धोंडुबाई आमच्याकडे शेळीचं दूध घालते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यातून नारू निघाला. दोऱ्यासारखा तो किडा ती रोज काडीवर थोडाथोडा गुंडाळायची. मला म्हणाली, "वैनी, एवढी लोकर गुंडाळली असती तर घोंगडं झालं असतं."

आमच्या खानापूरच्या माळावर पाण्याला एकच विहीर, पायऱ्यांची. गुडघाभर पाण्यात उतरूनच घागर भरायची. तीनेक आठवड्यांमागं देवी टोचायला आलेले डॉक्टर सांगून गेले, नारूचा पाय पाण्यात पडला की रोग पाण्यात उतरतो, आणि पिणाऱ्याच्या पोटात जातो. पायऱ्यांची वाट बंद करा, वरून कप्पीनं पाणी ओढा.

त्या दिवशी धोंडुबाई दूध मापताना रडली. "म्या किती डाव उतरले असंन त्यात. नात आठ दिसांची, अजून अंगावर पितीया. ती पाणी प्यायला लागायच्या आत वाट बंद व्हाय पायजे."

पण पाण्यालगतच्या पायरीवर साती आसरा आहेत, शेंदूर लावलेले सात दगड. महिना झाला की बाळंतीण तिथं उतरून ओटी भरते. ती वाट अडवायला कोण धजणार? धोंडुबाईनं आसरांना वर आणायचा कौल लावला. दगडाला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार. सकाळपासून उपाशी बसली होती. दुपारी डावी पडली.

कौल बघायला जमलेल्या बायकांतली बनुबाई म्हणाली, "नातीपायी देवाला घर सोडाय लावतीस व्हय?"

नाथाजी पाटील उठले. "देव न्हाई म्हणाला. संपलं."

"आवं पाटील," धोंडुबाई म्हणाली, "म्या इचारलं, वर येता का. त्या नगं म्हणाल्या. आमास्नी खालीच या, असं कुठं म्हणाल्या? आई घरात बसली असंल आन् लेकीनं उंबऱ्यावरनं पाया धरलं, तर आई रागावती व्हय?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "गवंड्याला सांगावा धाडा."

आज तिच्या सुनेचा, अंजनाचा महिना भरला. पायऱ्यांच्या तोंडाशी बांधलेल्या नव्या भिंतीशी उभं राहून तिनं टोपलीत खण, नारळ, हळदकुंकू ठेवलं. धोंडुबाईनं दोर हळूहळू सोडला. टोपली आसरांपुढं टेकली तशी मी हात जोडले. बनुबाईनंही जोडले.

मग कप्पीवरून पहिली घागर वर आली. धोंडुबाईनं ती दुहेरी फडक्यातून गाळली आणि सुनेच्या ओंजळीत धार धरली. "पी," म्हणाली, "पोटभर पी."