मांडी घालून चालवायची गाडी

माझ्या आईचं माझ्याबद्दलचं मत एका वाक्याचं होतं आणि ते ती आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवायची. "पाय नही चालतस, पन जीभ कशी चालस मन्ही पोरनी." अहिराणीत ते बरंच मायेनं ऐकू येतं. खोटंही नव्हतं. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले, कुबड्या आल्या. जिभेला मात्र पोलिओ हात लावू शकला नाही.

तेव्हा आम्ही उधन्याला राहायचो. वडील मिलच्या कामासाठी अमळनेरकडून सुरतेला आले आणि इथलेच झाले. मी पांडेसऱ्यातल्या एका प्रिंट मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायचे. सुरतेच्या साडीवर जी फुलं असतात ती जगातल्या कुठल्याच झाडाला येत नाहीत, त्यांतली निम्मी माझ्या डोक्यातून आलेली आहेत. रोज सकाळी धाकटा भाऊ मला स्कूटरवर मागे बसवायचा, कुबड्या माझ्या मांडीवर आडव्या ठेवायचा आणि मिलच्या दारात उतरवायचा. कापडाचा तागा उचलावा तसा तो मला उचलायचा. ना खांदे पाडले, ना तोंड वाकडं केलं. त्याची मान, कॉलर आणि मानेवरचा तीळ, एवढीच माझी रोजची सुरत होती.

मग त्याच्या कंपनीनं दिवाळीनंतर त्याची वापीला बदली करायचं ठरवलं. घरात बैठक बसली. बैठकीत मी सोडून सगळ्यांचं एकमत झालं की मी नोकरी सोडावी आणि घरी बसून डिझाइनं काढावीत. काम तेच, वर धावपळ नाही, असं वडील म्हणाले. मी विचारलं, रंगाच्या बॅरलींचा वास, दुपारचा चहा आणि छपाईच्या मास्तरशी भांडण हेही कोणी घरपोच आणून देणार आहे का? रिक्षा होत्या म्हणा, पण कुबड्या दिसल्या की उधन्याच्या रिक्षावाल्यांना अचानक दुसरीकडे जायचं असायचं. मला घरी बसायचं नव्हतं.

त्याच सुमाराला मिलच्या शेठची बहीण इंग्लंडहून माहेरपणाला आली होती. मला स्कूटरवरून उतरताना तिनं पाहिलं आणि सहज म्हणाली की तिकडे पाय नसलेली माणसं हातांनी मोटार चालवतात. गाडीला एक दांडा बसवतात आणि झालं. मी तिच्याकडे अशी बघत राहिले की तिलाच अवघडल्यासारखं झालं असावं. परत गेल्यावर तिनं खरंच ते सामान विकत घेऊन भेट म्हणून पाठवलं, शेठच्या नव्या मशिनच्या खोक्यांबरोबर. मी तोपर्यंत साठवलेले सगळे पैसे मोडून शेठचीच जुनी मारुती घेऊन टाकली होती. घरच्यांना वाटलं, मुलीचं डोकंही गेलं.

शेठची मशिनं कस्टममधून सुटली. माझं खोकं अडकलं.

खोक्यात काय होतं ते सांगते, म्हणजे सरकारला काय कळत नव्हतं ते कळेल. एक लांब लोखंडी दांडा होता. तो पुढे ढकलला की ब्रेक लागायचा आणि आपल्याकडे ओढला की गाडी वेग घ्यायची. गिअरच्या मुठीवर बसवायची एक पट्टी होती, ती दाबली की क्लच. बाकी नटबोल्ट आणि पकडी. कस्टमच्या पुस्तकात जगातल्या प्रत्येक वस्तूला एक घर दिलेलं असतं आणि ज्या घरात वस्तू जाते त्या घराचा कर तिला लागतो. सत्त्याऐंशीव्या प्रकरणात गाड्या आणि गाड्यांचे भाग. नव्वदाव्यात चष्मे, दुर्बिणी, डॉक्टरी सामान आणि कुबड्या. सत्त्याऐंशीत गेलं तर वस्तूच्या किमतीहून जास्त ड्यूटी, आणि ती भरण्याइतकं माझ्याकडे आता काहीच उरलं नव्हतं. नव्वदात गेलं तर माफ. क्लिअरिंग एजंटानं, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका वयस्क गुजराती काकांनी, मला ते पुस्तक दाखवलं. सत्त्याऐंशीत रणगाडे होते आणि बाबागाड्याही होत्या. रणगाडा आणि बाबागाडी एका छपराखाली नांदतात तर माझ्या दांड्यासाठी एवढा खल कशाला, असं मला वाटलं, पण ते मी तोंडानं बोलले ही चूक झाली.

कारण समोर बसलेले कस्टमचे साहेब सोलापूरकडचे होते आणि त्यांना मराठी चांगलंच कळत होतं.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर काम सोपं झालं असतं. ते प्रामाणिक होते आणि विचार करायचे. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला, ताई म्हणाले, गावाकडच्या बैलांच्या गोष्टी सांगितल्या आणि निर्णय पुढच्या आठवड्यावर ढकलला. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी भाऊ अर्धी रजा टाकून मला मारुतीतून घेऊन यायचा, जिन्यावर उचलून न्यायचा आणि तसाच खाली आणायचा. दिवाळी जवळ येत होती. तिकडे मिलमध्ये माझ्या टेबलासाठी एक पोरगा बघून ठेवल्याचं माझ्या कानावर आलं.

शेवटी काकांनी धीर सोडला. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बेन, आपणे गाडीने व्हीलचेअर लखी दइए?" म्हणजे गाडीलाच व्हीलचेअर म्हणून दाखवायचं आणि दांडा तिचा भाग. साहेबांनी ते ऐकलं. उठून खिडकीतून खाली उभ्या असलेल्या माझ्या मारुतीकडे पाहिलं. चार दारं, वर सामानाचं कॅरिअर, मागच्या काचेवर शेठच्या कुलदेवीचं स्टिकर. परत येऊन बसले.

मग त्यांनी आपली खरी अडचण सांगितली, आणि ती अशी होती की मी आजही तिच्यापुढे हात टेकते. वस्तू नव्वदात घालायची तर ती फक्त अपंग माणसाच्याच कामाची हवी. धडधाकट माणूसही ती वापरू शकत असेल तर ती चैनीची वस्तू, सीटकव्हरसारखी. सुरतेत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, इथल्या शेठ लोकांचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. दुकानात गादीवर मांडी घालून बसणारा माणूस गाडीतही मांडी घालून बसायला मिळत असेल तर सोडेल का? उद्या हजारो शेठ अपंगांच्या नावावर दांडे मागवतील, मांडी ठोकून, मांडीवर सुरतेच्या घारी मिठाईचं ताट ठेवून गाडी चालवतील आणि सरकारची ड्यूटी बुडेल. हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. मी म्हटलं, साहेब, मांडी घालून ते चालवून बघा मग. रागानं म्हटलं होतं. त्यांनी ते सूचना म्हणून लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कस्टमच्या आवारात, सरकारी देखरेखीखाली, उधन्याच्या मिस्त्रीनं ते सामान माझ्या गाडीला बसवलं. अख्खी कचेरी गच्चीत आणि जिन्यावर उभी होती. आवाराच्या एका कडेला जप्त केलेल्या पॉलिस्टर धाग्याची पोती रचलेली होती, त्यांवरही माणसं बसली. भाऊ मला कुबड्यांसकट कडुलिंबाखाली खुर्चीत बसवून बाजूला उभा राहिला. धडधाकट माणूस म्हणून कोण बसणार? भाऊ माझ्या बाजूचा, तो चालणार नव्हता. काका म्हणाले, मधुमेह आहे. मिस्त्री म्हणाला, लायसन्स नाही. तेव्हा साहेबांनी बूट काढले, मोजे बुटात नीट खोचले, ड्रायव्हरच्या जागी चढले आणि खरोखर मांडी घातली. पँट घट्ट होती, त्यामुळे मांडी घालायला वेळ लागला, पण घातली ती पक्की घातली.

गाडी निघाली. थोडं अंतर छान गेली. साहेबांच्या चेहऱ्यावर आपली शंका खरी ठरल्याचं समाधान दिसू लागलं. सत्त्याऐंशी, मी मनात म्हटलं, घरी बसा आता. तेवढ्यात चहाचा ट्रे घेतलेला शिपाई समोरून आला.

साहेबांना थांबायचं होतं. पण ते शेतकऱ्याच्या घरातले. धावतं जनावर थांबवायचं म्हणजे कासरा आपल्याकडे ओढायचा, हे त्यांच्या हातांना लहानपणापासून माहीत. त्यांनी दांडा छातीशी ओढला. गाडीनं उडी मारली. शिपाई ट्रे टाकून कडुलिंबामागे गेला. साहेबांचे पाय ब्रेककडे जायला बघत होते, पण मांडी सुटेना, आणि पाय सुटत नाहीत म्हणून ते आणखी जोरात कासरा ओढत होते. "हो, हो, हो" असा आवाज येत होता, तो ते गाडीला म्हणत होते. पोत्यांवर बसलेल्यांनी उड्या टाकल्या आणि गाडी धाग्याच्या ढिगात तोंड खुपसून बंद पडली.

कोणाला काही लागलं नाही. मी इतकी हसले की एक कुबडी हातातून निसटली. भावानं डोळे वटारले तरी मला थांबता येईना.

साहेब मांडी सोडवून बाहेर आले. केसांत पांढरा धागा. "धड पायाच्या माणसाचं हे काम न्हाई," ते म्हणाले. काकांनी ताबडतोब कागद पुढे केला. पण साहेब प्रामाणिक होते, हे मी आधीच सांगितलं आहे. त्यांनी कागद बाजूला सारला. त्यांना जमत नाही हे सिद्ध झालं, पण मला जमतं हे कुठे झालंय? ते ताईंनी दाखवावं.

मी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. चालवणार कशी, चालवायचं साधन तर यांच्या गोदामात पडलं होतं. पण नाही म्हणण्याची सोय नव्हती. मिस्त्रीनं चारजणांना घेऊन गाडी ढिगातून मागे ढकलली. भावानं मला उचलून आत ठेवलं आणि किल्ली हातात दिली.

मी क्लचची पट्टी दाबली, गिअर टाकला, दांडा जरासा ओढला. गाडी आचके देत निघाली, मग सरळ झाली. कडुलिंबाला वळसा घेतला. एवढ्यात तोच शिपाई, बिचारा फुटलेल्या कपांचे तुकडे वेचत, पुन्हा समोर आला. मी विचार केला नाही. मी जन्मभर कुबड्यांवर चालले होते, आणि कुबड्यांवरच्या माणसाला अचानक थांबायचं असलं की तो दोन्ही हात पुढे रेटतो. मी हात पुढे रेटला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. शिपायानं वरही पाहिलं नाही, तुकडे वेचत राहिला. माझे हात आयुष्यभर नेमकी हीच गोष्ट शिकत आले होते आणि ती एवढ्या मोलाची असेल असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी पुन्हा निघाले. एक फेरी पुरे होती हे मला कळत होतं. पण फाटक उघडं होतं.

मी फाटकातून बाहेर पडले. मागच्या गल्लीत कोणी नव्हतं, वारा येत होता आणि समोर कोणाची मान नव्हती. अख्खा रस्ता दिसत होता. मी मोठ्यानं काहीतरी गायलेही असेन. आरशात पाहिलं तर मागे कचेरी धावत होती. अनवाणी साहेब सगळ्यांच्या पुढे, त्यांच्या मागे माझा भाऊ, मिस्त्री, छातीवर हात ठेवून मधुमेहाचे काका. जन्मभर मी पायवाल्यांच्या मागून चालले. त्या दिवशी पायवाले माझ्या मागे धावत होते आणि त्यांना मी सापडत नव्हते. मी मुद्दाम जरा दांडा ओढला.

उसाच्या रसाच्या गाडीपाशी मी थांबले. साहेब धापा टाकत खिडकीशी आले. "ताई, माल अजून सोडलेला नाही. ही तस्करी झाली."

"मग सोडा," मी म्हटलं. "नाहीतर पुढे बारडोलीचा रस्ता लागतो."

त्यांनी काकांच्या हातातला कागद घेतला, बॉनेटवर ठेवला आणि नव्वद लिहून सही केली. मग सगळ्यांनी रस प्यायला आणि पैसे काकांनी दिले.

परत निघायची वेळ झाली तेव्हा साहेब मागच्या सीटवर बसले, पाय खाली सोडून. भाऊ माझ्या दाराशी आला, दार उघडलं आणि रोजच्या सवयीनं मला उचलायला वाकला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. तो तसाच वाकलेला थांबला. मग त्यानं दार लावलं, गाडीला वळसा घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.