गरम पाण्याच्या कपाटातला डबा

दादाला जाऊन तीन वर्षं होत आली होती आणि तेवढ्या काळात मी त्याच्या घराची पायरी चढले नव्हते. २००७च्या एप्रिलमध्ये चढले, तीही चोरून. भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवऱ्याला सांगितलं, मी पुढे होते, वहिनींना हातभार लावते, तू मुलांना घेऊन मागून ये. लोअर हटच्या आमच्या घरून पहाटे निघाले आणि ऑकलंडकडे, वहिनींच्या हेन्डरसनच्या घरी जायच्या वाटेवर मध्येच गाडी वळवून दादाच्या गावात शिरले.

गाव म्हणायचं आपलं. दादा जिथे इंजिनियर होता ती सॉ मिल बंद पडली, तशी माणसंही निघून गेली. दोन रस्ते, त्यांवरची निम्मी घरं बंद, कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाच्या, काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. घर विकायला काढून वहिनी दमल्या, पण असल्या ठिकाणी घेणार कोण? किल्ली शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडे असायची. त्या घरात नव्हत्या, पण किल्ली व्हरांड्यातल्या डाव्या गमबुटात असते हे मला ठाऊक होतं.

मी देव शोधायला आले होते. आमच्या घराण्याचे चांदीचे पाच टाक, अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे. आई-बाबांच्या मागे ते थोरल्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे आले. पुण्याहून ते हातरुमालात बांधून त्याने इथे आणले, तेव्हा मी चेष्टेने विचारलं होतं, देवांना रेसिडन्सी मिळाली का रे? तो म्हणाला, मिळाली, पण नोकरी नाही, माझ्याच जिवावर बसून खाणार. असा होता दादा.

तो जुलैत गेला, कामावरच, छातीत कळ येऊन. घरात सुतक, म्हणजे देवांना कुणी शिवायचं नाही. पुण्यात असतो तर शेजारपाजारचं कुणीतरी येऊन पूजा करून गेलं असतं. त्या गावात आमच्यातलं दुसरं कुणीच नाही. मी लग्न झालेली बहीण, मला तीनच दिवसांचं सुतक. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी ते पारोसे देव घासले, पूजा केली आणि रेशमी फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. पुढचे दिवस करायला वहिनी आणि भाची ऑकलंडला जाणार होत्या, कारण भटजी तिथेच मिळणार. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, तेव्हा त्या घराला ओल यायची, म्हणून डबा मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवला. इथल्या जुन्या घरांत असतं ते, चादरी-टॉवेल त्यात कोरडे राहतात.

हे सांगायला वहिनींच्या खोलीत गेले, तर त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "वन्सं, या घरात मी आता परत यायची नाही." माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "दादाचे दहा दिवससुद्धा झाले नाहीत, आणि तुम्ही घर मोडायला निघालात?" माझी जीभ अशीच आहे, आधी चालते, मग मला कळतं. मी त्याच तिरीमिरीत बॅग उचलली आणि डब्याचं सांगायचं राहून गेलं.

दिवाळीत त्यांचा फोन आला. "वन्सं, देव तुमच्याकडे आहेत ना?" खरं सांगायचं, तर देव बंद घरात बिनपूजेचे पडलेत आणि तेही माझ्या फणकाऱ्यापायी, हे सांगावं लागणार होतं. मी म्हणाले, "हो, आहेत की." म्हटलं, येत्या शनिवारी जाऊन घेऊन येऊ, म्हणजे खोट्याचं खरं होऊन जाईल.

शनिवार कितीतरी आले. कधी पाऊस, कधी मुलांचं पोहणं, कधी गाडीचं काम. सगळ्या सबबी. मला त्या घरात जाववत नव्हतं, एवढंच खरं. बेल वाजवल्यावर दादा पाय घासत दार उघडायला येणार नाही, हे मला बघायचं नव्हतं. मग फोनवर मी खोट्याला मीठमसाला लावत गेले, आज पुरणाचा नैवेद्य दाखवला, आज जास्वंद मिळाली. समोरासमोर विषय निघाला तर काय, या धास्तीने वहिनींच्या नव्या घरी, हेन्डरसनला, एकदाही गेले नाही. आणि आता लग्नाचं बोलावणं करताना त्या म्हणाल्या होत्या, "चार दिवस आधीच या. येताना देव घेऊन या." कुळाच्या देवांची पूजा झाल्याशिवाय आमच्याकडे लग्न उभं राहत नाही.

दार ओलीने फुगलं होतं, खांदा लावून ढकलावं लागलं. आत कुबट वास. बैठकीच्या खोलीतलं छत एका कोपऱ्यात खाली आलेलं, गालिच्यावर पॉसम नावाच्या मांजराएवढ्या रानटी प्राण्याच्या लेंड्या. मागच्या दाराशी दादाचे जॅंडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, तसेच होते, टाचेकडे झिजून पातळ झालेले. मी ते उगाचच जोडीने नीट लावून ठेवले. स्वयंपाकघरात मसाल्याच्या बाटल्या होत्या आणि त्यांवर त्याच्या अक्षरातल्या पट्ट्या. जिरं. धने. ओवा. एकीवर लिहिलं होतं, "काय आहे कोण जाणे." मी झाकण उघडून पाहिलं, शहाजिरं होतं, वास पार उडालेला. मला हसू आलं, आणि मग तिथेच फरशीवर बसून मी रडले. दादा गेला तेव्हाही मी रडले नव्हते, सगळ्यांचं जेवणखाण बघत होते.

कपाट बोळातच होतं. उघडलं, तर टॉवेलांवर काळी बुरशी चढलेली, टाकी थंडगार, आणि डबा नाही. सगळे टॉवेल बाहेर ओढले. मग घरातलं एकेक कपाट, कॉटखाली, धुण्याच्या खोलीत, जिथे ठेवणं शक्यच नव्हतं तिथेही पाहिलं. हात काळे झाले. शेवटी मी मनात नवं खोटं जुळवायला लागले, की आमच्याकडे चोरी झाली आणि देव गेले. तारीखसुद्धा ठरवली. दादाच्या घरात उभी राहून मी हे करत होते, त्याची आज लाज वाटते.

तेवढ्यात शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी पाहून आल्या होत्या. मी काय शोधतेय म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक बिस्किटांचा डबा.

"तो तुझी वहिनी घेऊन गेली की," त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ गेला ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात. बसने आली होती, एकटी. दुपारभर आत होती. मग डबा मांडीवर घेऊन माझ्या व्हरांड्यात बसची वाट बघत बसली. मी म्हटलं, अगं, बिस्किटं आता शिळी झाली असतील. ती म्हणाली, असू देत."

पुढचा महिना, म्हणजे ऑगस्ट. आणि वहिनींनी फोन केला होता दिवाळीत. मी किल्ली शेजारच्या बाईंच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसले.

हेन्डरसनला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. भाची खरेदीला गेली होती. वहिनी एकट्याच स्वयंपाकघरात फुलवाती वळत बसलेल्या. ओट्याच्या वर छोटं फळकूट होतं आणि त्यावर आमचे पाचही टाक, घासूनपुसून लखलखीत, समोर ताजी फुलं.

"वहिनी, देव माझ्याकडे कधीच नव्हते," मी उभ्या उभ्याच म्हणाले.

"माहितीये," त्या म्हणाल्या. "बसा. पाणी घ्या."

"मग फोन करून विचारलंत कशाला? तेव्हाच खोटारडी म्हणायचं होतं मला." चूक माझी आणि आवाजही माझाच चढला.

त्यांनी हातातली वात पुरी केली आणि ताटलीत ठेवली. "घर मोडायला निघाले म्हणालात ना, ते फार लागलं होतं मला. यायची नाही म्हणाले होते तरी गेले, देवांसाठी. कपाट उघडलं, डबा दिसला, तेव्हाच कळलं की तुम्ही रागात सांगायचं विसरलात. त्या घरात ती दुपार मी कशी काढली, माझं मला माहीत. दिवाळीत वाटलं, आता देव आणा म्हणाले तसंच, विचारून बघावं. तुम्ही म्हणाल, वहिनी, डबा तिथेच आहे, पण माझ्यानं आत जाववत नाही. मी म्हणणार होते, माझ्यानंही जाववत नव्हतं हो. मग फोनवर का होईना, दोघी मिळून रडलो असतो."

मी तेव्हा कुठे खाली बसले.

"तुम्ही हो म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "मग मी एकटीच रडले."