बिवलकरकाकांचं अमुक

सिल्वासाच्या त्या मराठी शाळेत प्रत्येक मूल घटकाभर तरी चंदा होत असे, आणि याचं सगळं श्रेय बिवलकरकाकांचं.

दत्तात्रय बिवलकर हे शाळेचे मुख्य लिपिक. मूळचे गुहागरकडचे, अठ्ठावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आले ते इथलेच झाले. कामाला चोख, आणि त्याचा गवगवा करायलाही चोख. बोनाफाईड दाखले लिहून लिहून बोटं दुखायला लागली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर मॅक्रो रेकॉर्ड केला. एकदा सगळी कृती करून दाखवायची, मग बटण दाबलं की यंत्र तीच कृती मुकाट्याने पुन्हा करतं. दाखवताना त्यांनी सातवीतल्या चंदाचा दाखला भरला. यंत्र इमानी निघालं. तेव्हापासून बटण दाबलं की चंदाच! काका तिचं नाव खोडून दुसरं टाइप करत आणि वर सगळ्यांना सांगत, "आपलं सगळं ऑटोमॅटिक आहे."

एकदा खोडायचं राहिलं. मसाटच्या कारखान्यात कामाला असलेले झिपरूभाऊ दाखला घेऊन तणतणत परत आले. "सर, हाऊ मना पोऱ्या शे, नथू! कुमारी चंदा नही!"

काकांनी दोष प्रिंटरवर ढकलला. पण मुख्याध्यापिका नलिनीबाई दारातच उभ्या होत्या. महिनाअखेरीस काका निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर मंगेश नावाचा नवा लिपिक यायचा होता. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे मंगेशला जमेल असं करून द्या. नाहीतर बंद करू आणि पुन्हा छापील फॉर्म आणू."

काकांना हे फार लागलं. माझ्यावाचून शाळेचं अडेल, असं ते वर्षभर सांगत फिरत होते. खरंच अडलं तर आपलंच काम अडगळीत टाकतील, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कॉम्प्युटर शिकवणाऱ्या रूपालीपुढे जाऊन बसले.

"काका, मॅक्रोच्या पोटात नाव कोंबायचं नाही," ती म्हणाली. "नाव, इयत्ता, जन्मतारीख दर वेळी बाहेरून द्यायची. त्याला आर्ग्युमेंट म्हणतात."

"बाई, अठ्ठावीस वर्षांत मी कुणाशी आर्ग्युमेंट केलं नाही. आता काय यंत्राशी करू?"

हे ऐकून शेजारी बसलेल्या शिपाई दुर्गाबाईंना ठसका लागला. काकांनी पगारबिलापासून चहातल्या साखरेपर्यंत कशावर वाद घातला नव्हता?

रूपालीने तीनदा समजावलं, काकांनी तीनदा मान डोलावली, डोक्यात काही शिरलं नाही. शेवटी तिला आठवलं की काका रविवारी सायली गावातल्या चाळींत सत्यनारायण सांगायला जातात.

"काका, तुमच्या पोथीत यजमानाचं नाव छापलेलं असतं का?"

"छे! प्रत्येक घरी वेगळा यजमान. तिथे 'अमुक' असतं. अमुक गोत्र, अमुक नाव. आपण म्हणताना..." काका थांबले. त्यांचे कान लाल झाले. पहिल्याच पूजेत त्यांनी पोथीतलं 'अमुक' जसंच्या तसं वाचलं होतं, आणि यजमानानेही भक्तिभावाने आपलं नाव अमुक सांगितलं होतं. "म्हणजे तुमचं आर्ग्युमेंट म्हणजे आमचं अमुक! हे आधी नाही का सांगायचं?"

मग काय, काका सुटलेच. रूपालीच्या मदतीने त्यांनी मॅक्रोच्या नावापुढे कंस उघडला आणि त्यात नाव, इयत्ता, जन्मतारीख अशा जागा केल्या. विद्यार्थ्यांच्या यादीतली ओळ निवडून बटण दाबलं की त्या ओळीतली माहिती कंसात पोचायची. नथू नथूच आला. चंदाही आली, पण फक्त स्वतःच्या दाखल्यावर.

"एक राहिलं," रूपाली हळूच म्हणाली आणि तिने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे सहीखाली छापायला पक्कं लिहिलेलं होतं: द. वि. बिवलकर, मुख्य लिपिक. "कुणी काही दिलं नाही तर तुमचंच नाव येईल, अशी सोय करता येते. ठेवू?"

काकांना ते ठेवावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. मग त्यांनी चष्मा पुसला. "नको. निवृत्त माणसाच्या नावाने दाखला गेला तर पोरांना परत पाठवतील." त्यांनी एकेक अक्षर स्वतः खोडलं आणि त्या जागी, तसाच वर कंसाच्या शेवटी, इंग्रजी अक्षरांत एकच शब्द टाइप केला.

शेवटच्या दिवशी मंगेश सगळं समजून घेत होता. कंसातल्या शेवटच्या शब्दापाशी तो अडला.

"काका, हा अमुक कोण?"

"आजपर्यंत मी होतो," काका म्हणाले. "उद्यापासून तू."

आणि त्यांनी टेबलाच्या किल्ल्या त्याच्यापुढे सरकवल्या.