बाबांच्या हाकेचा फोटो

आमच्या गावात बाबांची पिठाची गिरणी होती. दळण झालं की बाबा दारात येऊन हाक मारायचे. नावाने नाही, धान्याने. "ज्वारीवाले, दयन झालं, घिऊन जा!" ज्याने ज्वारी टाकली असेल त्या घरातलं कुणीतरी उठून यायचं.

मी वाशीमला कॉम्प्युटर शिकते, एसटीने जाऊन-येऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रोजेक्टसाठी मी गिरणीचं एक वेब पान केलं. दळण तयार झालं की त्यावरचं त्या धान्याचं बटण दाबायचं आणि बाबांची हाक वाजायची. त्यासाठी हाक रेकॉर्ड करायला मी माझा मोबाइल बाबांसमोर धरला, तेव्हा ते लाजले होते.

"हे कोनाले आयकू जाईन वं?"

"साऱ्याइले, बाबा. वाशीमच्या मानसालेबी."

"वाशीमचा मानूस दयन न्याले येते का इथं?" आई आतून म्हणाली.

मग बाबांनी इतक्या जोरात हाक मारली की समोरच्या काकू खरंच डबा न्यायला आल्या. त्यांची ज्वारी अजून न दळता पाटीतच होती. बाबा कितीतरी वेळ हसत होते.

काही महिन्यांनी बाबा गेले. छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं. गिरणी बंद झाली. बाबांचा मोबाइल साधा, बटणांचा होता, त्यामुळे दुसरीकडे कुठेच त्यांचा आवाज नव्हता. ज्यावर हाक रेकॉर्ड केली तो माझा मोबाइलही पुढे बंद पडला. राहिलं ते पान. संध्याकाळी मी घरी आले की आई माझ्या नव्या मोबाइलसाठी हात पुढे करायची. ती ज्वारीचं बटण दाबायची, ऐकायची आणि चुलीकडे जायची. ती कधी रडली नाही. मलाच त्या वेळी अंगणात बघायची भीती वाटायची. दारात कुणी उभं असेल असं वाटायचं.

पहिला स्मृतिदिन, म्हणजे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, जवळ आला. आईने आजूबाजूला सांगून टाकलं, "पुण्यानुमोदनाले त्याइची हाक आयकवू साऱ्याइले."

गावात नेट कमी. ऐन वेळी पान अडकू नये म्हणून मी कॉलेजच्या लॅबमध्ये एआय एजंटला, म्हणजे सांगितलं की कोड स्वतःच बदलणाऱ्या प्रोग्रामला, ते हलकं करायला सांगितलं. एजंटला आपल्यासारखं पान दिसत नाही. त्यासाठी एक साधन जोडावं लागतं. ते स्वतःच पान उघडतं, बटणं दाबतं, आणि पडद्याचे फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून एजंटला देतं. एजंट ते फोटो बघून काम बरोबर झालं की नाही ते ठरवतो. हे सगळं आतल्या आत चालतं. स्पीकरमधून काहीच येत नाही.

थोड्या वेळाने एजंटने कळवलं की पान हलकं झालं आहे. आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट सारखाच आहे, काही बिघडलेलं नाही. मीही दोन्ही फोटो पाहिले. खरंच सारखे होते. मी शेवटची बस पकडली.

घरी आईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आज बोलून नाही राह्यले वं हे."

पानावर सगळ्यात जड होता तो बाबांचा आवाज. एजंटने तोच काढला होता. बटण जागेवर ठेवलं होतं, म्हणून फोटो बदलला नव्हता. कोडच्या जुन्या प्रती माझ्याकडे होत्या, पण आवाजाच्या फाइल मोठ्या असतात म्हणून त्या प्रतींत मी त्या घेतल्याच नव्हत्या. कॉलेजातले सर म्हणाले, बघू. मीही खूप शोधलं. सापडले ते फक्त स्क्रीनशॉट. साधनाने काम सुरू करताना ज्वारीचं बटण दाबून लागोपाठ काढलेले. त्यांत बटणाखालची निळी रेघ थोडीथोडी पुढे गेलेली दिसते. म्हणजे तेव्हा हाक चालू होती. लॅबमध्ये मी शेजारीच बसले होते, तरी मला ती ऐकू आली नव्हती.

स्मृतिदिनाच्या सकाळी पाहुणे यायच्या आधी मी आईला ते दाखवले. दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"हे रेघ कायची?"

"हाक कुठवर आली ते दाखवते."

तिने रेघेच्या टोकावर बोट ठेवलं. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "म्हंजे 'दयन झालं' म्हनून झालं. 'घिऊन जा' राह्यलं अजून."

मी पुढचा फोटो दाखवायला बोट सरकवणार होते. त्यात रेघ शेवटापर्यंत पोचलेली आहे. तिने माझा हात धरला.

"राहू दे. इथंच राहू दे."

बाहेर काकूंनी सतरंजी टाकली होती. आई मोबाइल पदरात धरून दारात जाऊन उभी राहिली, बाबा उभे राहायचे तिथे. लोक येऊन बसले. हाकेचं कुणी विचारलं नाही.